लकव्यानंतर आखडलेला हात आणि हवेवर चालणारा रोबोटिक मोजा : घ्यावा का?

पांढरं_सोनं

नमस्कार मंडळी. विभाग चुकला असेल तर संपादकांनी धागा हलवावा.

आईला (वय ५८) कापूस वेचणीच्या ऐन हंगामात लकवा मारला. उजवी बाजू. सकाळी उठली तर तोंड वाकडं, शब्द फुटेना. आमचं गाव दारव्हा तालुक्यात आतल्या अंगाला. तालुक्याहून यवतमाळला पोचेपर्यंत गुठळी विरघळवायच्या इंजेक्शनची साडेचार तासांची मुदत केव्हाच उलटली होती.

आता पाचेक महिने होत आलेत. बोलणं जवळपास पूर्ववत. काठी घेऊन अंगणात फिरते, शेजारी जाऊन बसते. हात मात्र अडून बसलाय. खांद्यातून उचलते, कोपर हलवते, पण बोटं मिटलेली आणि अंगठा मुठीच्या आत. आंघोळीच्या वेळी बहीण एकेक बोट उलगडून तळवा पुसते, तेव्हा आतून कुबट वास येतो.

फिजिओथेरपीला आठवड्यातून दोनदा तालुक्याला नेतो. एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे म्हणून तेवढं परवडतं. पण माझी अख्खी दुपार जाते, आणि हाताच्या वाट्याला येतात जेमतेम दहा मिनिटं. बाकी वेळ पायाला.

पुण्याला शिकणाऱ्या भाच्यानं एक व्हिडिओ पाठवलाय. बोटांच्या पाठीवर रबरी नळ्या बसवलेला मोजा, शेजारी डबीएवढा पंप. हवा भरली की मूठ मिटते, सोडली की उघडते. जाहिरातीतले आजोबा बघता बघता चहाचा कप उचलतात. ऑनलाइन काही हजारांपासून मिळतात, पुढे किंमत जाईल तिकडे.

प्रश्न असे :
खरंच उपयोग होतो का?
पाच महिन्यांनंतर उशीर तर झाला नाही?
इथे खेड्यात बिघडला तर कोण दुरुस्त करेल?

सोयाबीनचे पैसे आत्ताच हातात आलेत, म्हणून विचारतोय. नंतर राहणार नाहीत.

संत्रा_बर्फी

वाचून वाईट वाटलं. आमच्या काकांसाठी नागपुरात असलाच एक घेतला होता. सध्या कपाटात आहे. सविस्तर रात्री लिहिते.

बैलबंडी

भाऊ, मोजा-गिजा राहू द्या बाजूले. आमच्याइकडे एक जण कबुतराच्या रक्तानं मालिश करून देते. माह्या सासऱ्याचा हात त्यानंच उठला. पैसे बी घेत नाही, नारळ ठेवा फक्त.

फिजिओताई

@बैलबंडी, सासऱ्यांचा हात उठला याचा आनंद आहे. पण लकव्यानंतर पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच जणांचा हात काही अंशी आपोआपच सुधारतो. त्या काळात जो जे लावेल त्याला श्रेय जातं, मग ते रक्त असो, तेल असो की आमची थेरपी. कबुतरानं काही बिघडलं नाही असंही नाही. दर वर्षी अशा दोन-चार बाया-माणसं येतात ज्यांनी मालिशवाल्यापायी सुरुवातीचे आठवडे घालवलेले असतात आणि खांदा ओढून ओढून सांध्यातून उतरवून घेतलेला असतो.

@पांढरं_सोनं, मी वर्धा जिल्ह्यात फिजिओ म्हणून काम करते. मोज्याबद्दल मत देण्याआधी आईबद्दल चार गोष्टी कळायला हव्यात.

१. हात मांडीवर ठेवून "बोटं उघड" म्हटलं तर एखादं तरी बोट किंचित हलतं का? दिसत नसेल तर तुमचा हात तिच्या बोटांवर ठेवा, कधी कधी नुसतं जाणवतं.
२. तिचं मनगट तुम्ही खाली वाकवलं तर बोटं आपोआप सैल होतात का?
३. डोळे मिटून बसवा आणि तिच्या बोटाला हात लावा. कोणतं बोट ते सांगते का?
४. हाताच्या पंजाला सूज किंवा खांद्यात दुखणं आहे का?

दुसरा प्रश्न मुद्दाम विचारलाय. बोटं मिटवणारे स्नायू मनगटावरून जातात. मनगट खाली वाकवलं की त्यांच्यावरचा ताण सुटतो आणि घट्ट मूठही उलगडायला लागते. तुमच्या बहिणीला आजच सांगा : बोटांच्या टोकाला धरून ओढायचं नाही. आधी मनगट वाकवायचं, मग अंगठा त्याच्या बुडाशी धरून बाहेर काढायचा, त्यानंतर बाकीची बोटं. ओढाओढ केली की स्नायू उलट आणखी आवळतो. तळवा धुऊन कोरडा करायचा, मधे मऊ सुती कापडाची घडी ठेवायची. वास जाईल. नखं बारीक ठेवा.

मोज्याचं नंतर बोलू.

सर्किट_अमरावती

मी डॉक्टर नाही, पंप आणि व्हॉल्व्ह हा माझा धंदा. यंत्राची बाजू सांगतो.

हवेचा स्नायू ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जोसेफ मॅककिबेन नावाचे अणुशास्त्रज्ञ होते, अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम केलेले. त्यांच्या मुलीला पोलिओ झाला. १९५० च्या दशकात तिचा हात चालावा म्हणून त्यांनी रबरी नळीवर तिरप्या विणीचं जाळं चढवलेला स्नायू वापरला. हवा भरली की नळी फुगते, जाळी तिला लांब होऊ देत नाही, म्हणून ती आखडते. म्हणजे हे शास्त्र जन्मलंच लुळ्या पडलेल्या हातासाठी. कारखान्यांतले रोबोट नंतरचे.

आजचे मोजे त्याच घराण्यातले, फक्त आखडण्याऐवजी वाकतात. एका बाजूनं चिकटपट्टी लावलेला लांबट फुगा फुगवला तर तो पट्टीच्या बाजूला वळतो ना, तसं. हार्वर्डच्या गटानं २०१५ मध्ये सिलिकॉन आणि धाग्यांच्या गुंडाळीचे असे अ‍ॅक्च्युएटर (म्हणजे दाबावर हलणारे कृत्रिम स्नायू) लावलेला मोजा प्रसिद्ध केला. त्यात हवेऐवजी पाण्याचा दाब होता आणि पंप-बॅटरी कमरेला. घरच्या घरी वापरता यावा हाच त्यांचा हेतू होता. स्वस्त मोज्यात सिलिकॉनच्या जागी प्लास्टिकची घडीची नळी असते, पंप मत्स्यालयाच्या पंपाचा चुलतभाऊ.

आता खरा मुद्दा, जो जाहिरातीत कोणी सांगत नाही. मूठ मिटवायला मोजा हवा ढकलतो. ढकलताना दाब हवा तितका वाढवता येतो, नळी फुटेपर्यंत. मूठ उघडायला तोच पंप हवा ओढून घेतो, म्हणजे निर्वात करतो. निर्वाताला मर्यादा आहे. बाहेरच्या वातावरणाचा जो दाब, त्यापलीकडे जाताच येत नाही, आणि हे छोटे पंप त्याच्या निम्म्याच्या आसपास दमतात. त्यामुळे मिटवण्याचा जोर भरपूर, उघडण्याचा बेताचा.

लकव्याच्या रुग्णाला गरज कशाची असते, ते ताई सांगतीलच.

फिजिओताई

@सर्किट_अमरावती, व्वा. मला हे अनुभवानं माहीत होतं, कारण आज कळलं.

गरज उघडण्याचीच असते. आखडलेली मूठ आधीच मिटलेली आहे, तिला मिटवायला यंत्र कशाला? ग्लास उचलण्यातला अवघड भाग ग्लास धरणं नसतो, त्याच्याभोवती जाईल इतका पंजा उघडणं असतो. धरल्यावर सोडणं त्याहून अवघड. त्यामुळे मोजा घेताना कोणीही दाखवायला आणला तर तो निरोगी हातावर चालवून बघू नका. निरोगी हात मदत करतो, सगळंच छान दिसतं. आखडलेल्या हातावर घाला आणि फक्त उघडताना बघा. बोटं मधल्या पेरातून सरळ होतात की नुसती टोकं वर येतात? अंगठा तळव्यातून बाहेर पडतो का? बऱ्याच स्वस्त मोज्यांत अंगठा नावाला असतो.

फार ताठ हातावर मोजा काम करत नाही. आम्ही ताठरपणा ० ते ४ असा मोजतो. १-२ असेल तर मोजा चालतो. ३ च्या वर मोटर घरघरते आणि मूठ जागची हलत नाही. अशा वेळी आधी डॉक्टरांकडे, गोळ्या किंवा स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन, रात्रीची स्प्लिंट (हात सरळ धरून ठेवणारा आधार), आणि मग बाकीचं.

आकडेमोड

थोडा विरोधी सूर. रोबोट म्हटलं की आपण भारावतो. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये रॅटल्स नावाची ब्रिटनमधली मोठी चाचणी आली, ७७० रुग्णांची. लकव्यानंतर हाताला रोबोटकडून व्यायाम दिलेल्यांचा हात नेहमीच्या उपचारवाल्यांपेक्षा जास्त कामाचा झाला नाही. मग आठ-दहा हजार का घालवायचे? आपल्याकडचीही एक आहे. अटेंड, २०१७, भारतातली १४ रुग्णालयं, १२५० रुग्ण. घरच्यांना शिकवून घरीच पुनर्वसन करायचं. सहा महिन्यांनी मृत्यू आणि परावलंबन यांत फरक नाही.

फिजिओताई

दोन्ही चाचण्या मीही वाचल्यात आणि दोन्ही गांभीर्यानं घ्यायच्याच आहेत. पण रॅटल्समधलं यंत्र दवाखान्यात बसवलेलं मोठं धूड होतं. तुलना होती ब्रिटनमधल्या नेहमीच्या उपचारांशी, दहा मिनिटांच्या उपचाराशी नव्हे. अटेंडमध्ये मोजमाप होतं एकूण परावलंबनाचं, बोटं किती उघडतात याचं नाही. त्यावरून 'घरी काही करू नका' असा निष्कर्ष निघत नाही. 'थोडंफार शिकवून सोडून दिलं तर पुरत नाही' असा मी काढते.

आता दुसरी बाजू. २००९ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी थेरपीच्या खोल्यांत बसून नुसतं मोजलं, हाताच्या कामाच्या हालचाली एका सत्रात किती होतात. सरासरी ३२. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसतो तो शेकड्यांनी हालचाली केल्यावर. अमेरिकेत ३२, तर आपल्याकडे दहा मिनिटांत किती होत असतील? माझ्याच ओपीडीत सोमवारी बाहेर बाकावर रांग असते, मी काय करते ते मला माहीत आहे.

मोज्याचा खरा उपयोग इथे आहे. तो शिकवत नाही, तो संख्या वाढवतो. तीही एका अटीवर : माणसानं आधी स्वतः जोर लावायचा. मेंदूकडून हुकूम सुटला आणि त्याच क्षणी बोट हललं, तर जोडणी पक्की होते. हुकूम न सुटता बोट हललं तर सांधे मोकळे राहतात, सूज उतरते, एवढंच. तेही वाईट नाही, पण त्यासाठी घरातल्या माणसाचा हात पुरतो आणि तो फुकट आहे.

संत्रा_बर्फी

हेच लिहायला आले होते. आमच्या काकांचं नेमकं असंच झालं.

मोजा आला तेव्हा घरात लग्नासारखा उत्साह. काका संध्याकाळी मालिका लावून बसायचे, हातात मोजा, पंप चालू. मूठ मिट-उघड, मिट-उघड, आणि काकांचे डोळे टीव्हीवर. काकू सगळ्यांना सांगायच्या, रोज तासभर व्यायाम करतात. व्यायाम मोजा करत होता. काही महिन्यांनी हात तसाच, तेव्हा काका म्हणाले, फसवलं.

शिवाय उन्हाळा. नागपूरचा मे महिना, पारा ४५ च्या वर, आणि हातात सिंथेटिक मोजा. घामानं बोटांच्या बेचक्यात पांढरं पडलं, खाज सुटली. काकांना त्या हाताला स्पर्श नीट कळत नाही. करंगळीच्या मुळाशी पट्टी काचून लाल झालं होतं ते काकूंनी पाहिलं, त्यांना पत्ताच नाही.

मग एका बोटाची नळी जोडाजवळ चिरली. विकणाऱ्यानं आधी 'फोटो पाठवा' म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, मंडळाचे नियम. कपाटात गेला तो गेला.

सर्किट_अमरावती

चिरलेली नळी ही सगळ्यात सोपी दुरुस्ती. जोडाजवळचं टोक सरळ कापून टाका आणि परत चढवा, तेवढी लांबी असते. नसेल तर त्याच मापाची सिलिकॉन नळी घाला, मत्स्यालयाच्या दुकानात मीटरवर मिळते. सलाईनची नळी लावू नका, ती ऊन लागलं की कडक होते. व्हॉल्व्ह गेला तर टक-टक आवाज बंद होतो, पंप गेला तर घरघर बंद होते. कानानं कळतं. बॅटरीवर चालतो, त्यामुळे लोडशेडिंगचा त्रास नाही. रात्री चार्ज करायचा.

अवांतर : बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत (आयआयएससी) थ्रीडी प्रिंट केलेल्या मऊ मोज्यावर काम झालंय. तो बोटं हलवत नाही, सिलिकॉनसारख्या पदार्थातून जाणाऱ्या प्रकाशावरून बोट किती वाकलं ते ओळखतो आणि दूरच्या फिजिओला दाखवतो. संशोधकांनी खर्च हजार रुपयांच्या आत सांगितला होता. आपल्या भागासाठी हीच दिशा मला जास्त पटते. ताई वर्ध्यात, पेशंट दारव्ह्यात, आणि केलं की नाही ते ताईंना दिसणार. काकांची मालिका पहिल्याच दिवशी पकडली गेली असती.

झाडीपट्टी

गडचिरोलीकडून लिहितो. इथे मोज्याची गोष्ट फार लांबची वाटते, तरी धागा वाचून राहिलो.

आमच्याकडे सर्च संस्थेनं ८६ गावांत घरोघरी मृत्यूंची कारणं शोधली. २०१५ मध्ये निकाल छापून आला. सगळ्यात जास्त मृत्यू लकव्याचे, १४.३ टक्के. लोकांना वाटते गडचिरोली म्हणजे मलेरिया, साप आणि वाघ. बीपी कोणी धरतच नाही.

मी आशाताईंसोबत गावांत फिरतो. लकवा झालेला माणूस घराच्या मागच्या पडवीत खाटेवर. हात छातीशी आखडलेला. घरचे म्हणतात, 'जेवू घालतो, अजून काय करू?' चूक नाही त्यांची, सकाळी सगळे धानाच्या बांधीत जातात. त्याच्याजवळ बसून शंभर वेळा बोट हलवून घ्यायला राहिलं कोण? गावातल्या कोणी मोजा आणून दिला तरी घालून द्यायलाच एक माणूस लागते. तो माणूसच नाही.

दुसरं. एकदा लकवा झालेल्याला दुसरा होण्याचा धोका असतोच. @पांढरं_सोनं, आईची बीपीची गोळी चालू आहे ना? इकडे डोकं दुखलं नाही की गोळी बंद करतात. आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचा) खात असेल तर तो पहिले सोडवा.

पांढरं_सोनं

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं तर दवाखान्यातही कोणी समजावलं नव्हतं.

@झाडीपट्टी, गोळ्या चालू आहेत, उपकेंद्रातून मिळतात. खर्रा नाही, पण तंबाखूची मिसरी लावायची. सुटली आहे असं ती म्हणते. बहिणीचं मत वेगळं आहे.

@फिजिओताई, तुमच्या चार प्रश्नांची उत्तरं :
१. आधी वाटलं काहीच नाही. हात ठेवून बघितलं तर तर्जनी आणि मधलं बोट किंचित उचलायचा प्रयत्न जाणवतो. मनगट तर ती थोडं वर करते!
२. हो. मनगट वाकवलं की बोटं सैल पडतात. बहीण थक्क झाली. आता अंगठा आधी काढते, आईही ओरडत नाही.
३. अंगठा आणि तर्जनी बरोबर सांगितली, करंगळीला चुकली.
४. सूज नाही. खांदा रात्री दुखतो.

आई स्वतः काय म्हणते ते राहिलं. तिला मोज्याचा व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "हे घालून वेचणी होते काय?" नाही म्हटलं. "मंग कायले?"

फिजिओताई

आई हुशार आहे. तिचं वाक्य मी आमच्या विद्यार्थ्यांना सांगणार.

उत्तरं चांगली आहेत, खरंच चांगली. ज्या हातात मनगट उचलण्याची आणि बोटं थोडी तरी उघडण्याची खूण आहे, त्याच्यावर काम करण्यात अर्थ आहे. उशीर झालाय का? सुरुवातीचे दोन-तीन महिने सगळ्यात मोलाचे हे खरं. २०२१ च्या एका अमेरिकन अभ्यासात दोन-तीन महिन्यांच्या टप्प्यावर वीस तास जादा सराव दिलेल्यांना सर्वाधिक फायदा झाला. पण २००६ ची एक्साइट चाचणी बघा. २२२ रुग्ण, लकवा होऊन तीन ते नऊ महिने झालेले. चांगला हात दिवसभर जाड मोज्यात बांधून ठेवायचा आणि दोन आठवडे दुखऱ्या हातानंच सगळं करून घ्यायचं. त्यांचा हात सुधारला. आई त्याच खिडकीत आहे. तिची बोटं अजून तेवढी उघडत नाहीत, त्यामुळे लगेच चांगला हात बांधायला जाऊ नका. काठी त्याच हातात आहे, पडायची.

मी काय करेन ते सांगते. दारव्ह्याच्या तुमच्या फिजिओंना हे दाखवून मगच सुरू करा, त्यांनी हात पाहिलाय, मी नाही.

खांदा आधी. रात्री झोपताना हाताखाली उशी. उठवताना काखेत हात घालून किंवा हात धरून ओढायचं नाही, घरच्या सगळ्यांनी, पाहुण्यांनीसुद्धा. पाहुणे फार ओढतात.

मग बोटं. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. आई टेबलाजवळ किंवा चौरंगाशी बसलेली, कोपराला आधार. ती "उघड" असं मनात म्हणून जोर लावेल, तीनपर्यंत मोजेल, आणि त्यानंतरच बहीण राहिलेलं उघडून देईल. आधी आईचा जोर, मग मदत. हा क्रम मोडायचा नाही. मोजा घेतलात तरी हाच क्रम, बहिणीच्या जागी मोजा. बऱ्याच मोज्यांत बटण दाबल्यावर एकच फेरी करायची सोय असते, ती वापरा. आपोआप चालणारा मोड बंद. काहींत चांगल्या हातात सेन्सरचा मोजा घालतात आणि तो हलवला की दुखरा हात तसाच हलतो. तो प्रकार आईला जमेल, पण लक्ष दोन्ही हातांकडे हवं, टीव्हीकडे नाही.

आणि वेचणी. तुमच्या घरात पऱ्हाटीची सुकी बोंडं असतील ना? घेऊन बसवा. बहिणीनं डाव्या हातानं बोंड धरायचं, आईनं दुखऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीनं नुसती कापसाची लोंब ओढायची. पूर्ण उमललेल्या बोंडापासून सुरुवात, ते हात लावताच सुटतं. जमायला लागलं की अर्धवट उमललेली, मग कवडीची, म्हणजे नीट न फुटलेली, घट्ट. या बाईच्या मेंदूत चाळीस वर्षांची वेचणी साठलेली आहे. प्लास्टिकचे शंकू उचलायला लावण्यापेक्षा यात तिचा हुकूम लवकर सुटेल असं मला वाटतं. एक काळजी : बोंडाच्या सुक्या पाकळ्यांची टोकं टोचतात आणि तिला करंगळीकडे कळत नाही. टोकं कात्रीनं छाटून द्या. नंतर हात तपासा.

बैलबंडी

ताई, हे बोंडाचं आवडलं. सासऱ्याले बी लावतो. मूठ उघडते त्याची, पण चिमटीत काही धरता येत नाही. कबुतराचं मागं घेतो असं नाही, पण थांबवतो.

फिजिओताई

थांबवलंत तेवढं पुरे. :)

आकडेमोड

मग निष्कर्ष काय, मोजा घ्यायचा की नाही? ताई, हो किंवा नाही मधे सांगा.

फिजिओताई

या आईसाठी : आज नको. आधी महिनाभर वरचं करा. बहीण कंटाळली, हात भरून आला, आईला आणखी करायचं आहे आणि माणूस नाही, अशी वेळ आली की घ्या. तेव्हा मोजा मजुरासारखा कामाला येईल. आधी घेतला तर संत्रा_बर्फीच्या कपाटात एकाला सोबत मिळेल.

सोयाबीनच्या पैशांतून त्याआधी एक करा. शासकीय रुग्णालयात दाखवून दिव्यांग प्रमाणपत्राची मोजणी करून घ्या. ४० टक्के किंवा जास्त आलं तर पुढच्या सवलतींचा दरवाजा उघडतो. प्रमाणपत्राला पैसे लागत नाहीत, जायला-यायला लागतात.

झाडीपट्टी

एक विचार. गावात लकव्याचे दोन-तीन पेशंट तर राहतातच. बचत गटानं एक मोजा घेतला आणि घरोघरी फिरवला तर? सकाळी याच्याकडे, संध्याकाळी त्याच्याकडे. आशाताईच्या ताब्यात राहील.

फिजिओताई

कल्पना उत्तम, अडचणी तीन. डावा-उजवा वेगळा असतो. माप वेगळं, सैल मोजा बोट वाकवतच नाही, नळीच वाकते. आणि घाम-बुरशी. आतून प्रत्येकाचा स्वतःचा पातळ सुती मोजा घालायचा, तो रोज धुवायचा. माझ्या मते पंप एक आणि मोजे प्रत्येकाचे वेगळे, असं केलं तर जमेल. खर्च पंपातच जास्त असतो ना, सर्किट?

सर्किट_अमरावती

हो. पंपाची डबी महाग, मोजा त्या मानानं स्वस्त. बऱ्याच ठिकाणी सुटा मोजा विकत मिळतो, डावा-उजवा, लहान-मोठा. फक्त जोडणीचा प्लग त्याच पंपाला बसणारा हवा. प्रत्येक बनवणाऱ्याचा प्लग वेगळा, मुद्दाम.

संत्रा_बर्फी

मग आमचा कपाटातला पंप घेऊन जा ना कोणीतरी! काकूंना विचारलं, त्या आनंदानं द्यायला तयार आहेत. म्हणाल्या, निदान कोणाच्या कामी येईल. @पांढरं_सोनं, पुढच्या आठवड्यात माझा भाऊ यवतमाळला येतोय, त्याच्याकडे देते.

पांढरं_सोनं

ताई, शब्द नाहीत. भावाला स्टँडवर भेटतो, यवतमाळला काम आहेच. तोवर बोंडं चालू. काल आईनं दोन लोंबी ओढल्या आणि बहिणीला म्हणाली, "वजन कर." महिनाभर मोज्याला हात लावणार नाही, फिजिओताईंचा हुकूम.

काकांचा मोजा कोणत्या हाताचा आहे?

संत्रा_बर्फी

डाव्या. :(

सर्किट_अमरावती

पंप तर चालेल. ताई, त्याच्या प्लगचा जवळून फोटो टाका, किती छिद्रं आणि कशा रांगेत ते दिसू द्या. शेजारी मोजपट्टी ठेवा. @पांढरं_सोनं, तुम्ही आईच्या उजव्या पंजाचं माप द्या : मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि अंगठा सोडून पंज्याची रुंदी. मनगट वाकवून, हात उलगडून माप घ्या. मूठ मिटलेली असताना मोजलंत तर लहान माप येईल आणि मोजा चढणार नाही.